बाळाचे पहिले वर्ष : उशीर कशाला म्हणायचा?

आनेकलच्या परिसरातील एखाद्या सोसायटीत संध्याकाळी खाली उतरले, की बाकांवरून मराठी कानावर पडते. चंदापूर, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले... कारखान्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक सिटीच्या नोकऱ्यांनी पुण्या-सोलापूरकडची कितीतरी जोडपी या बाजूला आणली आहेत. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, तीन-चार महिन्यांनी सून बाळाला घेऊन परतते आणि पाठोपाठ सासूबाई येतात. मग सुरू होते तुलना. "अगं, याचा बाप नवव्या महिन्यात पाऊल टाकत होता!" आजी सांगतात. नणंदेचा मुलगा सातव्या महिन्यात रांगतोय, त्याचा व्हिडिओ मोबाइलवर येऊन पडलेला असतो. आणि आपला आठ महिन्यांचा गोळा सतरंजीवर ठिय्या मारून बसलेला, रांगण्याचे नाव नाही. आपलेच काही चुकले का, या विचाराने सुनेला रात्री झोप लागत नाही.

बहुतेक वेळा काही चुकलेले नसते. खरी अडचण निराळीच आहे. जिथे काळजीचे कारण नाही तिथे घरोघर काळजी केली जाते आणि जिथे दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा तिथे "दृष्ट लागली असेल", "दात येत असतील" म्हणत आठवडे निघून जातात.

हे वेळापत्रक ठरवले कुणी?

तिसऱ्या महिन्यात मान, सहाव्यात बसणे, वर्षाला चालणे, हे आपण पाढ्यांसारखे पाठ केलेले असते. भारतीय बाळांना भारतीय मोजपट्टी हवी म्हणून ज्यांनी पहिल्यांदा नेटाने काम केले, त्यांत एक मराठी नाव आहे : प्रमिला फाटक. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी एक महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंतच्या बालकांच्या विकासाचा अभ्यास केला. त्यातून १९७० मध्ये भारतीय बालकांसाठीची विकास-मापन श्रेणी तयार झाली. १९९७ मध्ये ती सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी तीत तपासल्या जातात. बाळ ठोकळा कसा उचलते, घंटेकडे वळते का, लपवलेली वस्तू शोधते का, अशा साध्यासुध्या गोष्टी! एवढी लांब तपासणी गर्दीच्या दवाखान्यात जमणार कशी? म्हणून १९९१ मध्ये तिच्यातील निवडक बाबींची एक छोटी चाचणीही फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतील आठशेवर निरोगी बालकांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत दिल्लीची बालकेही होती. आधाराशिवाय बसण्याचा काळ निघाला पावणेचार ते सव्वानऊ महिने, स्वतंत्र चालण्याचा सव्वाआठ ते साडेसतरा. आणि रांगणे? शंभरातील चार मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती सरळ उभी राहिली आणि चालू लागली. तेव्हा सतरंजीवरच्या त्या गोळ्याला तूर्त निवांत बसू द्यायला हरकत नाही.

एक हिशेब मात्र घरच्यांकडून हमखास चुकतो. दिवस पूर्ण होण्याआधीच जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना जितके महिने ते लवकर आले तितके वजा करायचे असतात. दोन महिने आधी जन्मलेले आठ महिन्यांचे बाळ विकासाच्या दृष्टीने सहा महिन्यांचेच असते.

मानेपासून पावलापर्यंत

जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३४-३५ सेंटीमीटर असतो, वर्षाअखेर तो ४६च्या आसपास जातो. आत मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण चढत असते, विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे. त्यामुळे मेंदूचे निरोप वेगाने पोहोचू लागतात. शरीरावरचा ताबा वरून खाली येतो, आधी मान, मग पाठ, कंबर आणि शेवटी पाय. म्हणूनच वेग कमीजास्त असला तरी क्रम सहसा तोच राहतो. नवजात बाळ आवाजाने दचकून दोन्ही हात फैलावते, ती प्रतिक्रिया चार ते सहा महिन्यांत विरून जाते. मुठी उघडतात, बाळ वस्तू धरू लागते.

डॉक्टर दोन्ही बाजू सारख्या चालतात का, तेही पाहतात. वर्षाच्या आतच बाळ सारखा एकच हात वापरू लागले, तर "डावखुरा होणार" म्हणून कौतुक करू नये. दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते. तीन महिने झाले तरी चेहऱ्याकडे पाहून हसत नाही, पाच महिन्यांतही मान धरत नाही, पाय कात्रीसारखे ताठ होतात, सहा महिन्यांनंतर आवाजाकडे वळत नाही, अशा वेळी पुढच्या लसीची वाट पाहू नये. बहिरे बाळही सुरुवातीला हुंकार देते, त्यामुळे घरच्यांना कित्येक महिने शंकाही येत नाही.

शिकलेले विसरले तर...

उशिरा शिकणे एक, शिकलेले हरवणे दुसरे. काल हसणारे, बसणारे बाळ आज मलूल झाले, खेळण्याकडे पाहीनासे झाले, तर ती धोक्याची घंटा आहे.

यामागचे एक कारण आपल्या शाकाहारी घरांत दडलेले असते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये नसते. दूध-दही मोजकेच घेणाऱ्या शाकाहारी आईच्या अंगात ते कमी असेल, तर तिच्या दुधातही कमी उतरते. बाळ गुटगुटीत दिसते, अंगावर पिते, सगळे कौतुक करतात. सहा-आठ महिन्यांच्या सुमारास ते फिकुटते, बोटांचे सांधे काळवंडतात, केस विरळ होतात, हसू लोपते. काही बाळांचे हात आणि डोके थरथरू लागते. वेळेवर ओळखले तर ब-१२च्या औषधाने हसू काही दिवसांत परत येते. उशीर झाला तर मात्र बौद्धिक कमतरता राहून जाऊ शकते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक जणींमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्यांच्यात ते फारच कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. बंगळूरमध्ये सेंट जॉन्स संशोधन संस्थेने गरोदर स्त्रियांना रोज ५० मायक्रोग्रॅम ब-१२ दिले, तेव्हा ते आईच्या दुधात आणि बाळाच्या रक्तातही वाढले. अंगावर पाजणे थांबवू नये. आईची रक्त-तपासणी करून डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावी. गरोदरपणीच विचारले तर उत्तमच.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. तीन महिने ते वर्षाच्या दरम्यान काही बाळे झोपेतून उठताच मान पुढे टाकतात, हात आखडतात, क्षणभर थांबतात, पुन्हा तेच. ओळीने दहा-वीस वेळा. आजींना वाटते पोटात कळ येते आहे. ओवा-हिंग लावला जातो. पण हे झटके असू शकतात, आणि त्यांच्यावर जितका लवकर उपचार तितका मेंदू वाचतो. अशा वेळी मोबाइल खरोखर कामी येतो. त्याच क्षणी व्हिडिओ घ्यावा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावा. आनेकलकरांना निम्हान्ससारखी मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था तर बंगळूरमध्येच आहे.

आजींचे काही, डॉक्टरांचे काही

हलक्या हाताची मालिश, अंगाई, मांडीवर घेऊन गप्पा, हे सगळे आजींचे करावेच. जागेपणी, नजरेसमोर पोटावर पालथे ठेवले की मान आणि खांदे बळकट होतात. कापूर मात्र बाळापासून दूर ठेवावा, त्याने झटके येऊ शकतात. बाजारी काजळात शिसे असू शकते आणि शिसे मेंदूचे शत्रू आहे. वर्षाआधी मध चाटवू नये. आणि वॉकर! त्याने मूल लवकर चालत नाही, जिन्यावरून पडते मात्र. कॅनडाने तर २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली.

कर्नाटकात गरोदरपणी मिळणारे तायी कार्ड घरात कुठेतरी असतेच. कन्नड वाचता येत नाही म्हणून ते कपाटात जाते. माता-बाल संरक्षण कार्डात बाळाने कधी काय करावे याची चित्रेही असतात. नवव्या महिन्याच्या लसीला जाताना ते सोबत न्यावे, डोक्याचा घेर मोजून त्यावर लिहून घ्यावा. आणि बाळ अलीकडे नवीन काय शिकले, काय करेनासे झाले, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे.