पानावर दिसणारा आयएसबीएन संगणकाला वाचता येतो का?

ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक ठळक दिसतो, म्हणजे तो संगणकालाही समजतो, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. झोटेरोसारख्या संदर्भ जमवणाऱ्या प्रोग्रामला तो आकडा कशाचा आहे हे सांगणारी खूण पानाच्या कोडमध्येच लागते. ती नसेल तर त्या तालिकेसाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागतो, नाहीतर वाचकाने आयएसबीएन किंवा सगळी नोंद हाताने टाइप करायची.

पानाच्या सुरुवातीला मेटा टॅग घातले की काम झालं, असंही मानलं जातं. एकाच पुस्तकाच्या पानापुरतं ते पुरतं. शोधाच्या निकालात मात्र वीस पुस्तकं एकाच पानावर असतात. तिथे कॉइन्स ही पद्धत उपयोगी पडते. प्रत्येक नोंदीजवळ न दिसणारा एक स्पॅन टॅग असतो, त्याचा क्लास ‘झेड3988’ (Z3988) आणि त्याच्या टायटलमध्ये शीर्षक, लेखक, वर्ष, आयएसबीएन. क्लासचं हे नाव संदर्भाची माहिती दुव्यातून नेणाऱ्या ओपनयूआरएलच्या झेड39.88-2004 या मानकावरून आलं. कोहा या ग्रंथालय प्रणालीत निकालाच्या पानासाठी ही सोय सुरू करता येते. त्याने शोध मंदावू शकतो, तरी ती सुरू करावी असंच माझं मत आहे.

आयएसबीएनवरून प्रत ओळखता येते, हाही गैरसमजच. तो प्रतीचा नसतो, आवृत्तीचा असतो. कापडी बांधणीला एक, साध्या बांधणीला दुसरा. कपाटातल्या पाच प्रती ओळखायला ग्रंथालयाने प्रत्येक प्रतीला दिलेला दाखल क्रमांकच लागतो.

सर्वांत नुकसान करणारा समज शेवटचा: आयएसबीएन नसेल तर खूण घालताच येत नाही. आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक झाला 1970 मध्ये. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर तो कुठून असणार? कॉइन्समध्ये तो बंधनकारक नाही. शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष एवढ्यावरही नोंद नीट उचलली जाते. रकाना रिकामा दिसतो म्हणून तिथे दाखल क्रमांक मात्र कोंबू नये, त्याने चुकीची नोंद पुढे पसरते. देवनागरी शीर्षक युनिकोडच्या यूटीएफ-8 मध्येच द्यावं, नाहीतर वाचकाच्या संदर्भसूचीत अक्षरांचा चुराडा पोचतो.

आपल्या ग्रंथालयाच्या तालिकेत एखादं जुनं मराठी पुस्तक शोधा, निकालाच्या पानाचा सोर्स उघडा आणि त्यात ‘Z3988’ आहे का पाहा. नसेल तर ग्रंथपालांना जरूर सांगा.