रस्त्याचे नाव देशभर कसे होते?

अण्णा नगर शाखेत बदली होऊन आलो, तेव्हा चेन्नईच्या या उपनगरातील सेकंड ॲव्हेन्यूचे नावही मी ऐकले नव्हते. वाचकांपैकी बहुतेकांनीही ऐकले नसेल. १९६८ च्या उद्योग-व्यापार प्रदर्शनाच्या परिसरात ही आखीव वसाहत वाढली. त्या वेळचा मनोरा आजही तिची खूण आहे. सेकंड ॲव्हेन्यू प्रशस्त, दुकानांनी गजबजलेला. मात्र त्याची कीर्ती शहराबाहेर फारशी गेली नाही.

याउलट मुंबईची दलाल स्ट्रीट अरुंद. १८७४ मध्ये शेअर दलालांनी तेथे बस्तान बसविले आणि १८७५ मध्ये आपली संघटना स्थापिली. एकाच व्यवसायाची माणसे पिढ्यानपिढ्या एका गल्लीत वावरली आणि गल्लीचे नाव हेच व्यवसायाचे नाव झाले. १९९५ मध्ये सौदे संगणकाच्या पडद्यावर गेले. तरीही 'दलाल स्ट्रीटवर घसरण' हे शब्द सोलापूरच्या ठेवीदारालाही कळतात. ती गल्ली त्याने कदाचित पाहिलेलीही नसते.

सेकंड ॲव्हेन्यूवर कपड्यांपासून औषधांपर्यंत सारे मिळते. माझ्या मते अडचण नेमकी हीच! एखाद्या वस्तूचे नाव घेताच तो रस्ता आठवावा, असे काही तेथे नाही.

कर्ज मागावयास येणारे दुकानदार 'रस्ता नामांकित आहे' असे सांगून गाळ्याचे चढे मूल्य मांडतात. तेव्हा मी एवढेच विचारतो : गिऱ्हाईक रस्त्याच्या नावाने येते, की वाटेत दुकान दिसले म्हणून?