यादीतून गायब झालेली पुस्तकं

घरच्या पुस्तकांची संगणकावरची यादी उघडावी आणि निम्म्या नोंदी दिसूच नयेत! बहुतेक वेळा त्या गेलेल्या नसतात.

कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं ‘कॅलिबर’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्याची मुख्य यादी एका एस्क्यूलाइट या डेटाबेस-प्रकारच्या फाइलीत असते. शिवाय प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये शीर्षक, लेखक, प्रकाशक यांची वेगळी छोटी फाइलही असते. मुख्य फाइल बिघडली, तर ‘रिस्टोअर डेटाबेस’ ही सोय या छोट्या फाइली वाचून यादी नव्याने उभी करते. प्रत्येक पुस्तकासाठी जपलेली रूपांतराची सेटिंगं मात्र परत येत नाहीत.

पुसलेल्या नोंदीचं काय? एस्क्यूलाइट सहसा ती जागा फक्त ‘मोकळी’ अशी नोंदवतं. मजकूर तिथेच पडून राहतो, नवी नोंद त्यावर लिहिली जाईपर्यंत. म्हणून आधी नवं काही भरणं थांबवायचं, प्रोग्राम बंद करायचा आणि फाइलीची प्रत काढायची. शेजारी ‘वॉल’ शेपटीची फाइल दिसली तर तीही घ्यायची, कारण ताजे बदल तिच्यातच असू शकतात. एस्क्यूलाइटची ‘व्हॅक्यूम’ ही आज्ञा चालवणं ही सर्वांत महागडी चूक: फाइल आटोपशीर होते, जुने अवशेष जातात.

परत मिळालेल्या नोंदीत पुस्तकाच्या ओळख-क्रमांकातला, म्हणजे आयएसबीएनमधला, एखादा अंक पुसट झाला असेल, तर गणित मदतीला येतं. तेरा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून केलेली बेरीज १० ने भागली जायलाच हवी. ९७८०३०६४०६१५७ ची बेरीज १०० येते. यातला कुठलाही एक अंक झाका, त्या जागी एकच अंक बसतो. दोन झाकले, तर पुस्तकच कपाटातून काढावं लागतं.