कोंबड्यातलं बोटभर पाणी

सांगली जिल्ह्यातल्या पलूस-वाळव्याकडच्या एखाद्या गावात शौचालयाचं काम चालू असेल, तर भांडं बसवायच्या वेळी थोडं थांबून पाहावं. भिंती रचताना, पत्रा टाकताना गवंड्याचा हात भराभर चालतो. भांड्यापाशी आला की तोच हात सावकाश होतो. आधी मालात कोंबडा बसतो, म्हणजे भांड्याच्या बुडाला जोडायचा तो वाकडा ट्रॅप. त्याच्या तोंडावर भांडं टेकवायचं, सांधा सिमेंटने भरून बोटाने आतून पुसून घ्यायचा, मग पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही बाजूंची लेव्हल जुळवायची. एवढं झाल्यावर गवंडी तांब्याभर पाणी ओततो आणि गुडघ्यावर बसून आत पाहतो. ओतलेलं पाणी खळकन पुढे गेलं पाहिजे, आणि तरीही थोडं मागे, कोंबड्याच्या वाकात, थांबलं पाहिजे.

हे थांबलेलं पाणी म्हणजे वॉटर सील. ग्रामीण शौचालयाच्या कोंबड्यात ते २० मिलिमीटरचं असतं, जेमतेम बोटाच्या रुंदीएवढं. वाकाची वरची कड पाण्यात जेवढी बुडते, तेवढं सील. खड्ड्यातला वास, माश्या, झुरळं या सगळ्यांना घरात येण्यापासून अडवणारी एवढीच एक गोष्ट आहे. तिला बिजागरी नाही, स्प्रिंग नाही, रबर नाही. प्रत्येक वापरानंतर ती मोडते आणि त्याच पाण्याने पुन्हा जुळते.

कोंबडा बाहेरच्या अंगाला झुकला तर पाणी लवकर सांडतं आणि सील पातळ होतं. आतल्या अंगाला झुकला तर सील वाढतं, पण मग दोन लिटर पाण्यात मैला पुढे सरकत नाही, बादलीभर ओतावं लागतं. म्हणून ती लेव्हलची नळी. फरशी बसल्यावर यातलं काहीच दिसत नाही आणि चूक दुरुस्त करायची तर भांडंच फोडावं लागतं. ज्या कामाची चूक फरशीखाली कायमची गाडली जाते, ते काम करणाऱ्याला गावात मोठ्या कारागिराचा मान मिळायला हवा. तो मिळत नाही. भांडं बसवणं हे अजूनही हलकं काम समजलं जातं.

पाण्याने पाण्याचं दार करायचं, ही कल्पना सुचायला माणसाला बराच वेळ लागला. त्याआधी दार खरोखरच दार होतं. इंग्लंडमध्ये सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ मध्ये पाण्याने धुऊन निघणाऱ्या शौचकूपाचं वर्णन छापलं. त्यात भांड्याच्या तळाशी उघडझाप करणारी झडप होती. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं या प्रकरणात फारसं काही घडलं नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट घेतलं, आणि त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या: भांड्याच्या बुडाला सरकती झडप आणि तिच्याखाली इंग्रजी एस अक्षरासारखा वाकवलेला नळ, ज्यात पाणी साठून राहील. झडप धातूची होती. ती घाण धरायची, अडकायची, थंडीत गोठून बसायची. तिच्याखालचा वाक मात्र आजच्या प्रत्येक कोंबड्यात आहे.

कमिंगच्या पद्धतीची शौचालयं घरोघरी बसवण्याचं काम करणाऱ्यांत जोसेफ ब्रामा नावाचा एक सुतार होता. थंडीत सरकती झडप हलत नाही, हे त्याने काम करता करता पाहिलं. त्याने ती काढून बिजागरीवरची झडप लावली आणि १७७८ मध्ये स्वतःचं पेटंट घेतलं. हँडल ओढलं की झडप खाली पडायची, हात सोडला की परत जागेवर येऊन बसायची. हाच ब्रामा पुढे त्याच्या किल्लीशिवाय सहजी न उघडणाऱ्या कुलपासाठी आणि हायड्रॉलिक प्रेससाठी नावाजला.

ब्रामाची झडप समजायला कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला आकृती लागणार नाही. नदीत सोडलेल्या पाइपच्या टोकाला त्याचा फुटव्हॉल्व्ह असतोच. मोटार चालू असताना झडप उचलली जाते, पाणी वर चढतं. मोटार बंद झाली की वरच्या पाण्याच्याच भाराने झडप मिटते आणि पाइप भरलेला राहतो. किर्लोस्करवाडी याच पट्ट्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला, आणि पंप हा शब्द इथल्या घराघरांत गेला. त्यामुळे झडपेचा रोगही इथे सगळ्यांना पाठ आहे. झडपेत काडी अडकली, उसाचं पाचट अडकलं, रबराची कड चिरली, की पाइपमधलं पाणी सुटतं, मोटार हवा धरते आणि सकाळी कुणीतरी बादली घेऊन पंपात पाणी ओतत बसतं. स्वच्छ नदीच्या पाण्यात ही तऱ्हा, तर मैला वाहणाऱ्या भांड्याच्या तळाशी ब्रामाच्या झडपेचं काय होत असेल! तिची देखभाल करायला श्रीमंतांच्या घरी नोकर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकसंध चिनी मातीची भांडी आली तेव्हा तळाची झडप गेली आणि नुसता पाण्याचा वाक राहिला.

झडप तिथून हटली ती वर टाकीत गेली, आणि तिथेही तिने तोच त्रास दिला. भांड्यावरच्या टाकीतून पाणी सोडणारी झडप नीट मिटली नाही तर रात्रंदिवस पाणी झिरपतं. लंडनच्या पाणी कंपन्या या गळतीने इतक्या हैराण झाल्या की ब्रिटनमध्ये सायफनची टाकी सक्तीची झाली. साखळी ओढली की पाणी एका उलट्या घंटेखालून उसळून सायफनने खाली येतं. टाकी रिकामी झाली की हवा शिरून प्रवाह आपोआप तुटतो. मिटायला झडपच नाही, तर गळणार कुठून? आपल्याकडच्या जुन्या रेल्वे स्टेशनांत आणि सरकारी इमारतींत उंच भिंतीवर असलेल्या बिडाच्या साखळीच्या टाक्या याच घराण्यातल्या. ब्रिटनने टाकीतल्या झडपेला पुन्हा परवानगी दिली ती थेट २००१ मध्ये. आज सांगली-मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये बटण दाबायची टाकी असते, तिच्या तळाशी रबरी वायसरची झडप असते. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्ध्या तासाने भांड्यात पाहावं. रंग उतरला असेल तर झडप गळते आहे. कानाला ती गळती बहुतेक वेळा ऐकूही येत नाही.

गावातल्या शौचालयाला टाकी नाही, हे म्हणूनच त्याचं न्यून समजायचं कारण नाही. त्याचं भांडं मुद्दाम तीव्र उताराचं केलेलं असतं, तळाचा उतार २५ ते २८ अंश. या उतारामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. बाहेर दोन शोषखड्डे, मध्ये चेंबर, एका वेळी एकच खड्डा चालू. पहिला भरला की चेंबरमध्ये प्रवाह दुसरीकडे वळवायचा आणि पहिल्याला किमान दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचं. मग त्यातून निघतं ते वास नसलेलं खत. खड्ड्याची विटांची जाळीदार बांधणी पाणी आणि वायू दोन्ही मातीत जिरवते.

सन २००० मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा ग्रामविकास खातं तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांकडे होतं. गावं झाडून निघाली, चढाओढ लागली. २०१४ नंतर स्वच्छ भारत मिशनच्या १२ हजार रुपयांच्या अनुदानाने शौचालयांची संख्या झपाट्याने वाढली, आणि २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीणमध्ये सातारा जिल्हा देशात पहिला आला. ही कमाई खरी आहे, तिचा अभिमान वाटावा अशी आहे. पण बांधकामाच्या फोटोत दार दिसतं, रंग दिसतो, मालक दिसतो. सील दिसत नाही. आणि ज्या घरात सील नीट बसलेलं नाही, तिथे वास येतो. वास आला की म्हातारी माणसं आधी आत जायचं सोडतात, मग त्या खोलीत सरपण जातं. अशा घराला लोकांची सवय बदलत नाही म्हणून बोल लावला जातो. तिथे आधी कोंबड्यात काडी बुडवून पाहावी.

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत सीलचे दोन शत्रू आहेत, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत ते आटतं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात दोन लिटर हा आकडा फार मोलाचा आहे. तिथे दहा लिटरची टाकी लावणं हा अन्याय होईल. पण खरी अडचण बंद घरांची. खानापूर-आटपाडी-तासगाव भागातली कितीतरी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. पश्चिमेच्या जावळी-पाटणची माणसंही मुंबईत. यात्रेला, लग्नाला घर उघडतं. मधल्या महिन्यांत, विशेषतः चैत्र-वैशाखात, बोटभर पाण्याची वाफ होऊन जाते आणि दार उघडताच खड्ड्यातला वायू घरभर पसरलेला असतो. पाव्हण्यांना वाटतं खड्डा भरला. कुणी मैला उपसणारी गाडीही बोलावतं. तांब्याभर पाणी ओतलं की काम होतं. त्याहून चांगलं म्हणजे निघताना कोंबड्यातल्या पाण्यावर दोन-तीन चमचे खाद्यतेल सोडायचं. तेलाचा पातळ थर पाण्यावर तरंगतो आणि वाफ अडवतो. शहरातल्या न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीच्या जाळीलाही हाच उपाय लागू पडतो.

पश्चिमेकडे, नदीकाठी, सील उलटतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ च्या पुरांतही सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या सखल भागांत पाणी आधी शिरलं. अशा भागातल्या माणसांना ठाऊक असतं की पूर नेहमी रस्त्यावरून येत नाही. नदीला फूग आली की शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून पाणी मागे सरकतं, गटारात चढतं, चेंबर भरतं, आणि दारात पाणी नसताना भांड्यातून गुळगुळ आवाज यायला लागतो. २० मिलिमीटरचं सील वासाला अडवू शकतं. नदीला ते कसं अडवणार?

इथे ब्रामाची झडप परत आणावी लागते, पण भांड्याखाली नाही, घराबाहेरच्या चेंबरमध्ये. नॉन-रिटर्न झडप म्हणजे वरच्या बाजूला बिजागरी असलेली टांगती चकती: घरातलं पाणी तिला ढकलून जातं, बाहेरचं पाणी तिला दाबून बंद करतं. फुटव्हॉल्व्हचीच ही आडवी बहीण. सखल भागात शंभर-दीडशे मिलिमीटरच्या पाइपवर ती बसवणं हा खर्च पुरानंतरच्या साफसफाईपुढे काहीच नाही, आणि नवं बांधकाम मंजूर करतानाच ती सक्तीची असायला हवी. तिची एक अट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. चकती मिटलेली असताना घरातलंही पाणी बाहेर जात नाही. त्या दिवसांत तळमजल्यावरचं शौचालय आणि न्हाणी वापरायची नाही, आणि वरच्या मजल्याचं पाणी त्याच पाइपात येत असेल तर वरचंही नाही.

शोषखड्ड्यांच्या गावांना ही झडप पुरत नाही, कारण तिथे पाणी जमिनीतूनच वर येतं. भिलवडी-अंकलखोपसारख्या काठच्या गावांत शौचालयाचा ओटाच उंच घ्यावा लागतो, खड्ड्यांचा वरचा भाग जमिनीच्या वर काढून भोवती मातीचा भराव दाबावा लागतो. खड्डा जास्त खोल खणला की जास्त वर्षं टिकेल, हा समज इथे सगळ्यात घातक. खोल खड्डा भूजलातच उतरतो आणि विहिरीचं पाणी बिघडवतो.

चेंबरमधली चकती उन्हाळ्यात तपासायची असते. झाकण काढून ती काठीने उचलून पाहायची. सैल हलते का, परत येऊन कडेला नीट टेकते का. बिजागरीत केस, चिंध्या, प्लॅस्टिकचे तुकडे अडकलेले असतात, ते चिमट्याने काढायचे. रबर कडक झालं असेल तर बदलायचं. नंतर बादलीभर पाणी उलट्या बाजूने ओतून गळतं का पाहायचं. हे काम वळिवाच्या आसपास, फार तर मृग लागेपर्यंत उरकावं लागतं. कोयना धरणाचा विसर्ग सुरू झाल्यावर ते चेंबर स्वतःच पाण्याखाली असतं.