पाण्याची वाटी

घरच्या घरी अंडी उबवता येतात का, असं हल्ली पुष्कळजण मला विचारतात. कवितेबद्दल कुणी विचारत नाही, असो.

कोकणातल्या आमच्या घरी अम्मीच्या बोडक्या मानेच्या गावठी कोंबड्या होत्या. ती गेल्यावर दोनच उरल्या आणि त्या काही केल्या खुडूक बसेनात. वंश तिथंच थांबला असता, म्हणून मी विजेवरचं छोटं यंत्र आणलं. ऐन आषाढात नऊ अंडी ठेवली. एकविसावा दिवस उलटला, चोविसावाही उलटला. शेवटी फोडून पाहिली, तर पाचांत पिसांसकट पूर्ण वाढलेली पिल्लं मरून पडली होती.

चूक पाण्याची होती. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. उबवताना त्यांतून वाफ निघून अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटतं आणि रुंद टोकाशी हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू पहिला श्वास घेतं तो या पोकळीतला. यंत्राबरोबरच्या कागदावर ‘पाण्याची वाटी सदैव भरलेली ठेवा’ असं लिहिलं होतं. मी ती भरत राहिलो. तीही बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं अशा दिवसांत! पोकळी वाढलीच नाही, पिल्लं आतल्या आत गुदमरली.

दुसऱ्या खेपेला आठ अंडी ठेवली, न धुता. वाटी कोरडीच. पावसाळी हवा यंत्रात तापली, की तिची आर्द्रता आपोआप पन्नास टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि पहिले अठरा दिवस तेवढीच हवी. शेवटचे तीन दिवस मात्र वाटी भरून ती ६५ ते ७० वर न्यायची. देशावर मे महिन्यात वाटी पहिल्या दिवसापासून लागेल. म्हणून आर्द्रतामापक घ्याच. पंखा असलेल्या यंत्रात तापमान साडेसदतीस अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी अंशभर जास्त.

अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढावा आणि दिवसातून निदान तीनदा ते फिरवावं, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. अठराव्या दिवसानंतर हात लावू नये. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर सहांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. दोन रिकामी होती, ती काढून टाकली. बाराव्या रात्री तीन तास वीज गेली. यंत्र न उघडता त्यावर गोधडी घातली, निभावलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी पहिल्या कवचाला चीर गेली आणि मग दुपारपर्यंत काहीच हालचाल नाही. हात शिवशिवायला लागले. पण या वेळात पिल्लू पडद्यातलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. कवच सोलायला गेलं तर ते रक्तस्रावानं मरतं. बारा-अठरा तास सहज जातात. पत्नीनं माझी खुर्ची उचलून पडवीत नेऊन ठेवली.

रात्री अकराला पहिलं बाहेर आलं. पहाटेपर्यंत पाच झाली. पिसं सुकेपर्यंत त्यांना आतच राहू दिलं. तिघांची मान बोडकी आहे.