उभ्या गाडीचं धावणं

अमेरिकेत पोलिसांच्या जुन्या गाड्या लिलावात निघतात, तेव्हा मुरलेलं गिऱ्हाईक डॅशबोर्डवर आधी तासांचा आकडा शोधतं. किती मैल झाले ते नंतर. फोर्डच्या पोलिस गाड्यांत इंजिन एकूण किती तास चाललं हे मोजणारं मीटर कंपनीतूनच बसून येतं. त्यातले किती तास गाडी उभी होती, हेही नव्या गाड्यांत दिसतं.

आता गंमत पाहा. इंजिन चालू ठेवून तासभर उभी राहिलेली गाडी सुमारे ३३ मैल, म्हणजे ५३ किलोमीटर धावली असं समजा, असं फोर्ड सांगते. समजा एखाद्या गाडीचे किलोमीटर झालेत १ लाख २० हजार आणि उभ्याचे तास ४ हजार. म्हणजे तिच्या इंजिनाने एका जागी उभं राहून आणखी २ लाख १२ हजार किलोमीटर कापलेत! पृथ्वीला पाच फेऱ्या, तेही झाडाखाली.

असं का व्हावं? उभ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही, ऑइलचा दाब कमी राहतो, पेट्रोल पुरतं जळत नाही. न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं, प्लगवर काजळी धरते. बिचारं किलोमीटरचं मीटर मात्र ढिम्म. त्याच्या भरवशावर ऑइल बदलणारा हमखास फसतो. म्हणून ताफा सांभाळणारे सर्व्हिसिंग तासांवर लावतात.

मग इंजिन बंद का करत नाहीत? कारण गाडीत वायरलेस, लॅपटॉप, कॅमेरा, छतावरचे दिवे असा सगळा संसार विजेवर चालतो. इंजिन बंद केलं तर थोड्या वेळात बॅटरी बसेल आणि नेमका त्याच क्षणी कॉल येईल. श्वानपथकाच्या गाडीत तर एसी बंद पडून चालतच नाही. आत कुत्रा असताना तापमान चढलं, तर काचा आपोआप खाली करून भोंगा वाजवणारी यंत्रणा तिथे बसवतात. आठ तासांच्या पाळीत जवळपास पाच तास गाडी उभीच असते, असा फोर्डचाच अंदाज आहे.

तरी चर्चा व्हायची ती वेगाचीच. मिशिगन राज्याचे पोलिस दरवर्षी नव्या मॉडेलांची परीक्षा घेतात. चार चालक, प्रत्येकी आठ फेऱ्या, अशा बत्तीस फेऱ्या रेसट्रॅकवर सुसाट. ती परीक्षा हवीच, पण गाडीचं आयुष्य खातं ते उभं राहणं, असं मला वाटतं. एकच गाडी तिन्ही पाळ्यांत हातोहात फिरली, तर इंजिन थंड व्हायला फुरसतच नाही. प्रत्येकाला स्वतंत्र गाडी दिली, तर ती जास्त वर्षं टिकते, पण गाड्याही जास्त घ्याव्या लागतात. हा तिढा पोलिसांच्या हिशेबनिसाला सुटता सुटत नाही.

आपल्याकडे मोजमाप वेगळं. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाडीला १५ वर्षं झाली की तिची नोंदणी संपते. कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या चिलखती आणि खास गाड्या मात्र वगळल्या आहेत. हिशेब सोपा खरा, पण नाक्यावर रात्रभर घुरघुरणारी गाडी आणि साहेबांना घरी सोडून निवांत झोपणारी गाडी त्यात एकाच वयाच्या ठरतात.

फोर्डने २०२० च्या मॉडेलपासून पोलिसांना हायब्रिड एसयूव्ही दिली, ती या उभं राहण्यावरच नेम धरून. उभ्या गाडीतली उपकरणं मोठी बॅटरी चालवते. इंजिन अधूनमधून जागं होऊन ती भरतं आणि पुन्हा गप्प बसतं.

विजेची ही कल्पना नवी वाटत असेल, तर ओहायोतल्या ॲक्रनला चला. पोलिसांची पहिली मोटारगाडी म्हणून जी ओळखली जाते, ती १८९९ मधली तिथली गाडी विजेवरच चालायची. ताशी १६ मैल वेग, एका चार्जिंगमध्ये सुमारे ३० मैलांची मजल. तिची पहिली कामगिरी एका दारुड्याला उचलून आणण्याची होती. पुढच्याच वर्षी दंगलीत जमावाने ती कालव्यात ढकलली.