चार दिवसांचें माहेर

‘सुट्टींत कोठें जाणार?’ असें आमच्या लहानपणीं कोणी कोणास विचारीत नसे. कारण सुट्टी म्हणजे घरीं जाणें, हें ठरलेलेंच असे. नोकरीनिमित्त परगांवीं राहिलेला मुलगा, सासरीं नांदणारी मुलगी, शिक्षणासाठीं बाहेर असलेला नातू, सर्वांचीं पावलें एकाच उंबरठ्याकडे वळत. हल्लीं हा प्रश्न घरोघरीं विचारला जातो, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. ज्या घरीं जावयाचें तें घरच उरलें नसेल, तर आपल्या गांवीं जाऊन उतरावयाचें कोठें? गेल्या संक्रांतीस आमच्या कुटुंबानें या प्रश्नाचें एक उत्तर करून पाहिलें. तें इतरांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें. त्यांत आमच्या एका चुकीची कबुलीही आहे. ती वगळली तर सांगण्यासारखें फारसें उरणार नाहीं.

आमचा वाडा सोलापुरास उत्तर कसब्यांत होता. दगडी जोतें, पुढें ओसरी, मधें चौक, मग माजघर, आणि परसांत आड. सिद्धेश्वराचें तळें तेथून पायीं जाण्याच्या अंतरावर. १८७७ सालीं सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यावर घरचें घड्याळ लावीत असत, असें वडील सांगत. उन्हाळ्याच्या सुट्टींत त्या वाड्यांत वीस-पंचवीस पानें सहज उठत. पुढें वडील गेले, आई गेली, थोरले बंधूही गेले. मी पुण्यास आणि धाकटा बंधु मुंबईस स्थायिक झाला. बंद वाड्याचीं धाबीं गळूं लागलीं. धाकटा म्हणे, ‘पडण्यापूर्वीं विकूं.’ मी म्हणें, ‘वडिलांची वास्तु विकावयाची नाहीं.’ या वादांत दोन वर्षें गेलीं. पत्रें, निरोप, अबोला, सर्व कांहीं झालें. अखेर २०११ सालीं वाडा विकला गेला. आज तेथें पांच मजल्यांची इमारत उभी आहे.

दोघां भावांच्या या भांडणांत एका माणसाचें मत कोणींच विचारलें नाहीं. आमची वडील बहीण अक्का हुबळीस दिलेली. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. वडील त्यापूर्वीं वारले असले तरी तो हक्क बुडत नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. आम्हांस मात्र त्या वेळीं कायद्याची आठवण झाली ती एवढ्यापुरतीच, कीं अक्काची सही लागेल. ती एकटी आली, नोंदणी कचेरींत बसली, आणि हक्कसोडपत्रावर न वाचतां सही केली. बाहेर पडल्यावर तिनें सहज विचारलें, “जेवायला कुठं जायचं रे?” त्या दिवशीं आमची बहीण आपल्या जन्मगांवीं खाणावळींत जेवली आणि संध्याकाळच्या गाडीनें परत गेली.

बहिणी हक्क सोडतात तो बहुधा एका न बोललेल्या करारावर. ‘मिळकत तुमची असूं द्या, दार मात्र माझ्यासाठीं उघडें ठेवा,’ असा तो करार असतो. आम्हीं मिळकत घेतली आणि दारही विकून टाकलें. त्यानंतर अक्का एकदांही सोलापुरास आली नाहीं. भेटी होत त्या कोणाच्या तरी लग्नांत, मंगल कार्यालयांत, आहेर आणि पंगत यांच्या गडबडींत. अशा भेटीस भेट म्हणतां येत नाहीं.

गेल्या दिवाळींत भाऊबीजेच्या दिवशीं ती फोनवर म्हणाली, “एकदा गड्ड्याची यात्रा बघावीशी वाटते. पण येऊन उतरू कुठं?” या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तें माझ्या पुतण्यानें शोधून काढलें. तुळजापूर रस्त्याला, हिप्परग्याच्या बाजूस, एका दंपतीनें आपल्या मळ्यांतील राहत्या घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठीं ठेवल्या आहेत. मोबदला घेऊन राहण्यास जागा आणि सकाळचें खाणें देतात. या व्यवस्थेस ‘निवास व न्याहारी’ असें सुटसुटीत मराठी नांव आहे. १९७५ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें याच नांवानें योजना चालविली. केंद्र सरकारच्या अशाच योजनेंत खोल्या एकापासून सहापर्यंतच असाव्यात, आणि मालकानें कुटुंबासह त्याच घरांत राहत असलें पाहिजे, अशी अट आहे. ही दुसरी अट मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यामुळेंच तें हॉटेल न होतां घर राहतें. २०२० सालीं राज्य सरकारनें कृषि पर्यटनाचें धोरण ठरविल्यापासून शेतकऱ्यांसही अशा उद्योगास वाव मिळाला आहे.

माझें मन मात्र प्रथम कचरलें. आमचें शिक्षण जुन्या वळणाचें. पंचमहायज्ञांत अतिथिपूजनास मनुष्ययज्ञ म्हटलेलें. तैत्तिरीय उपनिषदानें अतिथीस देवाच्या पंक्तीस बसविलेलें. तेव्हां आतिथ्याचें मोल कसें घ्यावें आणि कसें द्यावें? पण विचार करतां दिसून आलें कीं, आपल्याकडे हें अगदींच नवें नाहीं. शेजारीं पंढरपुरास पिढ्यान्पिढ्या यात्रेकरू लोकांच्या घरींच उतरत आले, आणि निघतांना यथाशक्ति कांहीं देत आले. शिवाय मनुस्मृतींत एक रात्र राहणाऱ्यास अतिथि म्हटलें आहे, कारण त्याचें राहणें अनित्य. आम्हांस तर चार रात्री, दहा माणसांनीं, राहावयाचें होतें. एवढा भार कोणावर फुकट टाकणें हाच अधर्म झाला असता.

पूर्वीं लेकीस माहेरीं आणावयाचें तर मुराळी जात असे. मीही गेलों. हुबळीहून गदग, बागलकोट, विजापूर करीत आम्ही बहीण-भाऊ आगगाडीनें निघालों. साठीच्या पुढचा मुराळी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची माहेरवाशीण पाहून शेजारच्या प्रवाशांस गंमत वाटली असावी. होटगी मागें पडल्यावर अक्का पदर सांवरून खिडकीशीं बसली. दूरवर गिरण्यांचीं धुराडीं शोधण्याची तिची लहानपणची संवय होती.

मळा सुमारें दोन एकरांचा. सोलापूरची भूमि अवर्षणाची. येथें हिरवळ आयती मिळत नाहीं, ती राखावी लागते. त्या दंपतीनें थेंबथेंब पाणी देऊन ती राखली होती. पुढें डाळिंबांच्या रांगा, कडेनें शेवगा आणि बोरी, अंगणांत एक जुनी चिंच, आणि ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा. १८७१ सालीं पुरा झालेला एकरुखचा तलाव जवळच असल्यानें पहांटे पाणपक्ष्यांचे थवे डोक्यावरून जात. उत्तरेस नान्नजच्या माळावर माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. तो पक्षी आतां क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडतो. पण त्या माळाचा शांत वारा आमच्या अंगणापर्यंत येत होता.

आल्याबरोबर यजमानांनीं नोंदवही पुढें केली. नांव, पत्ता, कोठून आलां, येण्याचें कारण, असे रकाने होते. ‘कारण’ या रकान्यांत वरच्या ओळींत कोणीं ‘देवदर्शन’, कोणीं ‘कामानिमित्त’ असें लिहिलें होतें. अक्कानें चष्मा लावला आणि लिहिलें, ‘माहेर’. धाकटा बंधु माझ्यामागें उभा होता. त्यानें तें वाचलें, मींही वाचलें. आम्ही एकमेकांकडे पाहिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशींची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. थोरल्या वहिनी संवयीनें पांचास उठल्या, स्नान करून थेट स्वयंपाकघरांत गेल्या आणि ओट्यापाशीं उभ्या राहिल्या. यजमानीणबाईंनीं हंसून त्यांस बाहेर झोपाळ्यावर आणून बसविलें आणि हातांत चहा दिला. तासाभरानें कडक भाकरी, सायीचें दही, शेंगांची चटणी आणि गरम उप्पीट अशी न्याहारी पुढें आली. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, या घरात सून होऊन आले त्याला बेचाळीस वर्षं झाली, पण सगळी माणसं जमलेली आणि मी बसलेली, असं आजच घडतंय.” त्या ‘या घरांत’ म्हणाल्या, ‘या कुटुंबांत’ नव्हे, हें माझ्या ध्यानांत आलें. वाड्यांतील त्या वीस-पंचवीस पानांच्या आठवणी आम्ही पुरुष मोठ्या प्रेमानें काढतों. तीं पानें वाढणाऱ्या आणि शेवटीं उरल्यासुरल्यावर बसणाऱ्या स्त्रियांस ती सुट्टी कधींच नव्हती. घरच्या सुनेच्या कष्टांवर माहेरवाशिणीचा विसांवा उभा असे. येथें कोणाच्याच सुनेस राबावें लागलें नाहीं. आणि ज्या राबल्या त्यांस त्याचा रीतसर मोबदला मिळाला.

यजमान मंडळी लिंगायत. घरांत कानडी बोलत. हुबळीस पन्नास वर्षें काढलेली अक्का आणि त्या बाई यांची कानडींत अशी गट्टी जमली कीं, आम्ही सख्खे भाऊच परके वाटूं लागलों. भोगीच्या दिवशीं तिळाच्या भाकऱ्या आणि मिसळीची भाजी झाली. संध्याकाळीं शेतांत आगटी पेटवून हुरडा भाजला. याच जिल्ह्यांतील मोहोळच्या संशोधन केंद्रांतून निघालेली मालदांडी ज्वारी भाकरीस उत्तम. हुरड्यास मात्र सुरती किंवा कुचकुची हवी, हें यजमानांनीं नातवंडांस कणसें हातांत देऊन शिकविलें. मुंबईच्या मुलांनीं तळहात काळे करून घेतले आणि तसल्याच हातांनीं आजीस घांस भरविले.

भोगीसच आम्ही अक्षतासोहळ्यास गेलों. शुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी सात उंच नंदीध्वज तोलीत सम्मति कट्ट्यापाशीं येतात. बाराव्या शतकांतील श्रीसिद्धरामेश्वरांवर एका कुंभारकन्येचें मन जडलें. योगी असल्यानें त्यांनीं आपल्या योगदंडाशीं तिला विवाहाची अनुज्ञा दिली, अशी कथा. त्या विवाहाच्या अक्षता आजही हजारों हात टाकतात. मराठी, कानडी, तेलुगु बोलणारें सारें गांव त्या मुलीचें वऱ्हाड होतें. तेथें आमंत्रण नाहीं, आणि कोणी उपराही नाहीं. गर्दीपासून दूर उभ्या राहून अक्कानेंही मूठभर अक्षता टाकल्या.

त्या रात्रीं झोपाळ्यापाशीं धाकट्या बंधूनें विषय काढला. तो म्हणाला, “अक्का, त्या वेळीं तुझा वाटा आम्ही द्यायला हवा होता. आता तरी घे.” मीही होकार दिला. अक्का बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पैसे आले असते तर तेव्हा नातवाच्या शिक्षणाला उपयोगी पडले असते. नको होते असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही विचारलंही नाहीत, ते जास्त लागलं.” बारा-तेरा वर्षें दाबून ठेवलेलें तें वाक्य होतें. तिचें समाधान व्हावें म्हणून आम्हीं कांहीं बोलण्याचा प्रयत्न केला नाहीं; तो शोभलाही नसता. विक्रीच्या किंमतीचा तिसरा हिस्सा दोघांनीं मिळून तीन वर्षांत तिच्या नांवें करावा, असें ठरविलें. तिनें पहिल्यानें मान हलविली, मग होकार दिला, आणि अट घातली, “दरवर्षी संक्रांतीला मुराळी पाठवायचा. चार दिवस. याच झाडांत.”

निघण्याच्या दिवशीं ओटी कोणीं भरावी हा प्रश्न आला. वहिनींनीं खण-नारळ आणले होते; यजमानीणबाईंनींही तांदूळ आणि मळ्यांतील चार डाळिंबें सुपांत ठेवलीं होतीं. दोघींनीं मिळून ओटी भरली. बिल अर्थात् आम्हीं भावांनीं दिलें.

वाचकांपैकीं कोणास असा बेत करावयाचा असेल, तर अनुभवाचे चार शब्द सांगतों. मालक तेथें स्वतः राहतात ना, हें आधीं विचारावें. न्याहारीखेरीज दोन्ही वेळचें जेवण मिळेल कीं नाहीं, वृद्धांस जिने चढावे लागतील काय, ऊन पाणी व बसण्याचें शौचकूप आहे काय, जवळ डॉक्टर आहे काय, याची चौकशी करावी. यात्रेच्या दिवसांत महिना-दीड महिना आधीं जागा सांगून ठेवावी. खर्च कोणी करावयाचा हें निघण्यापूर्वींच ठरवावें, आणि माहेरवाशिणीकडून एक पैही घेऊं नये. ज्यांचा वाडा अजून उभा आहे, त्यांनीं मात्र विकण्यापूर्वीं बहिणीस पत्र लिहावें, तिचें मत विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. आम्हीं तें केलें नाहीं. पुढील संक्रांतीसाठीं चारही खोल्या आम्हीं आतांच सांगून ठेवल्या आहेत. हुबळीस या खेपेस धाकटा बंधु जाणार आहे.